ओटीपोटाचं दुखणं आता अंगावर काढणार नाही

जाहीरनामा

आम्ही कोण

आम्ही दिवाळीच्या सुमारास गाव सोडून ऊसतोडणीला जाणाऱ्या बाया आहोत. आम्ही वाडीवस्तीवर फिरणाऱ्या आशाताई आहोत, उपकेंद्रातल्या सिस्टर आहोत, सरकारी आणि खासगी दवाखान्यांतल्या डॉक्टर आहोत. आमच्यात काही पुरुषही आहेत. बायकोसोबत दवाखान्यात जाऊन स्वतःलाही तपासून घ्यायची त्यांची तयारी आहे. बीड जिल्ह्याच्या बालाघाट डोंगरपट्ट्यातून आज आम्ही एक चळवळ सुरू करत आहोत आणि तिची भूमिका या जाहीरनाम्यात मांडत आहोत.

आमचं म्हणणं थोडक्यात असं: गर्भाशय, बीजनलिका आणि बीजकोश यांना जंतूंमुळे येणारी सूज टाळता येते आणि वेळेवर ओळखली तर चौदा दिवसांच्या औषधांनी बरी होते. अशा दुखण्यापायी एकाही बाईनं आपली पिशवी, आपलं मातृत्व किंवा आपला जीव गमावता कामा नये.

आम्ही काय पाहिलं

१९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास होता. एकेकीला सरासरी ३.६ आजार होते आणि त्यांतला निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गाचा होता. याआधी कधी स्त्रीरोगासाठी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे आजार घरोघरी होता आणि तपासणी जवळपास कुणाचीच झालेली नव्हती.

त्यानंतर तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, आमच्या बीड जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीसमोर जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. साधारण दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशभरातलं हे प्रमाण ३.२ टक्के होतं. वयोगट तंतोतंत एक नाहीत, पण इतकी मोठी तफावत वयानं भरून निघत नाही.

या सगळ्याच शस्त्रक्रिया ओटीपोटाच्या सुजेपायी झाल्या असं आम्ही म्हणत नाही. कुणाला गाठी होत्या, कुणाला अतिरक्तस्राव होत होता. पण आपापल्या गावात विचारून पाहा. “अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची, ओटीपोटात कळा यायच्या, डॉक्टर म्हणाले पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल,” ही हकीकत किती जणी सांगतात ते मोजा. आम्ही ती इतक्यांदा ऐकली आहे की तिच्याकडे पाठ फिरवणं आता शक्य नाही.

फडावरचा दिवस

पहाटे तीन-चारला उठायचं. कोपीसमोर, म्हणजे तळावरच्या झोपडीसमोर, चूल पेटवून भाकरी थापायच्या. उजाडायच्या आत फडात उतरायचं. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढते. ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा. नवराबायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल दोघांच्या डोक्यावर असते. एकानं जरी दिवस बुडवला तरी खाडा पडतो आणि पैसे कापले जातात.

पाळी आली तरी यात काही बदलत नाही. आडोसा नसतो. कापड बदलायला जागा नसते, धुवायला पुरेसं पाणी नसतं. चारचौघांत दोरीवर वाळत घालण्याची लाज वाटते, म्हणून ओलसर कापड कोपीत बोचक्याखाली दडवलं जातं आणि तेच पुन्हा वापरलं जातं. फडावर शौचालय नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच कमी पितात. अंगावरून जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं, तर तालुक्याला जायचं म्हणजे खाडा. मग कुणीतरी मेडिकलमधून दोन-चार गोळ्या आणून देतं. थोडा आराम पडतो. महिन्याभरानं दुखणं पुन्हा उठतं. हंगाम संपवून गावी यावं तोवर ते मुरलेलं असतं.

हा आजार होतो कसा

ज्या दुखण्याशी लढायचं ते आधी नीट समजून घ्यायला हवं, म्हणून हे सविस्तर सांगतो.

योनीमार्गात जंतू असतातच आणि त्यातले बरेचसे उपकारक असतात. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव घातक जंतूंना वर चढू देत नाही. हा अडसर दुबळा झाला, किंवा जंतूच तो ओलांडण्याइतके जोरकस असले, की संसर्ग गर्भाशयात आणि तिथून बीजनलिकांमध्ये पोचतो. नलिका सुजतात, त्यांच्यात पू होतो, आतला नाजूक थर जखमी होतो आणि जखम भरताना नलिका चिकटतात. बीज आणि गर्भ यांची वाट तिथेच अडते.

जंतू वर चढण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत.

पहिली वाट लैंगिक संबंधांची. क्लॅमिडिया आणि गोनोरिया हे दोन संसर्ग यात ठळक आहेत. नवऱ्याला काहीच त्रास नसला तरी त्याच्याकडून ते बायकोला लागू शकतात. म्हणून हा आजार झालेल्या बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणं हा अन्याय आहे आणि तो आम्ही सहन करणार नाही.

दुसरी वाट बाळंतपणाची आणि गर्भपाताची. त्या वेळी गर्भाशयाचं तोंड उघडलेलं असतं आणि आत ओली जखम असते. अस्वच्छ हातांनी केलेलं बाळंतपण, आत राहिलेला वारेचा तुकडा, चोरून केलेला असुरक्षित गर्भपात यांतून संसर्ग थेट पिशवीत शिरतो.

तिसरी वाट उपकरणांची. निर्जंतुक न केलेल्या साधनांनी केलेलं क्युरेटिंग किंवा आधीचा संसर्ग न तपासता बसवलेली तांबी. तांबी हे चांगलं साधन आहे. तिच्यामुळे या सुजेचा जो थोडा धोका असतो तो मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत असतो. बसवण्याआधी तपासणी झाली तर तांबीला भिण्याचं कारण नाही.

चौथी वाट योनीमार्गातलं जंतूंचं संतुलन बिघडण्याची. स्राव पातळ, करडा आणि माशासारखा वास येणारा झाला तर ते त्याचं लक्षण असतं. साबणानं, औषधी पाण्यानं योनी आतून धुण्याची सवय हे संतुलन आणखी बिघडवते. पाळीच्या काळातली अस्वच्छता आणि योनीमार्गाचा संसर्ग यांचा संबंध दिसून आला आहे. पण कापड वापरलं म्हणजे आजार होतोच असं नाही. स्वच्छ धुतलेलं, उन्हात कडक वाळवलेलं सुती कापड वापरायला हरकत नसते.

आणि आपल्या देशात क्षयरोगाला विसरून चालत नाही. फुफ्फुसातला क्षय रक्तावाटे बीजनलिकांपर्यंत पोचतो, गाजावाजा न करता त्या बंद करतो, आणि “मूल होत नाही” म्हणून बाई वर्षानुवर्षं बोल ऐकत राहते.

लक्षणं कोणती? ओटीपोटात दोन्ही बाजूंना दुखणं, संबंधाच्या वेळी आत दुखणं, वास येणारा किंवा पिवळसर स्राव, मधेच रक्त जाणं, ताप, लघवीला जळजळ. पण पुष्कळदा यातलं काहीच जाणवत नाही. आजार गपचूप नलिका खराब करतो आणि काही वर्षांनंतर वंध्यत्वाच्या तपासणीत उघडा पडतो.

स्वीडनमधल्या लुंड इथं या सुजेच्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. एकदा सूज येऊन गेलेल्यांपैकी ८ टक्के, दोनदा आलेल्यांपैकी साधारण २० टक्के आणि तीन किंवा अधिक वेळा आलेल्यांपैकी ४० टक्के स्त्रियांना नलिका खराब झाल्यामुळे मूल होऊ शकलं नाही. अर्ध्या चिकटलेल्या नळीत गर्भ अडकला तर नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि तासाभरात जिवावर बेततं. प्रत्येक खेपेला नुकसान वाढतं. म्हणून पहिल्याच खेपेला पूर्ण उपचार, हे आमच्या चळवळीचं पहिलं सूत्र आहे.

भीती दाखवणं बंद करा

काही गोष्टी आम्ही स्पष्ट शब्दांत सांगतो. थोडा, पाण्यासारखा किंवा दुधाळ, वास नसलेला स्राव हा बाईच्या शरीराचा नेहमीचा व्यवहार आहे. तो दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत आणि गरोदरपणात वाढतो. त्याला औषध लागत नाही.

पांढरं जाण्याचा कॅन्सर होत नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकल्यामुळे होतो आणि त्यासाठी वेगळी तपासणी असते. कॅन्सरची शंका असेल तर आधी ती तपासणी करा, तुकडा काढून तपासायला पाठवा, अहवाल बाईच्या हातात द्या. निव्वळ सोनोग्राफीत “पिशवी मोठी दिसते, सूज दिसते” म्हणून पोट उघडण्याचा सल्ला देणं हा वैद्यकीय धर्म नाही.

पिशवी काढली की सगळं दुखणं संपतं, हाही गैरसमज आहे. सोबत बीजकोश काढले तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते, अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात. आणि त्याच बाईला पुढच्या हंगामात मोळी उचलायची असते.

पिवळं पाकीट

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात लैंगिक आणि जननमार्गाच्या संसर्गांसाठी औषधांची रंगवार पाकिटं ठरवून दिलेली आहेत. त्यातलं सहाव्या क्रमांकाचं, पिवळ्या रंगाचं पाकीट ओटीपोटाच्या दुखण्यासाठी आहे. सेफिक्झिमची एकदाच घ्यायची मात्रा आणि डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडाझोल यांच्या चौदा दिवस, दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्या. जिल्हा रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये हे उपचार मोफत मिळायचे असतात आणि नाव गुप्त ठेवलं जायचं असतं.

हे पाकीट आमच्यातल्या किती जणींनी पाहिलं आहे? फार थोड्या. ज्यांना मिळालं त्यांतल्याही अनेकींनी दुखणं थांबलं म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी गोळ्या सोडल्या, कारण चौदा दिवस का घ्यायच्या हे कुणी बसून सांगितलं नाही. दुखणं थांबलं म्हणजे जंतू संपले असं होत नाही. तीन दिवसांत उतार पडला नाही तर पुन्हा दाखवावं लागतं, हेही सांगितलं गेलं नाही. आणि नवऱ्याला औषध दिलं गेलं नाही, म्हणून बरी झालेली बाई त्याच घरात पुन्हा आजारी पडली.

हे औषध मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, हे आम्ही तितक्याच ठामपणे सांगतो. आधी लघवी तपासून गरोदरपण नाही ना ते पाहायला हवं, कारण यातलं डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात चालत नाही आणि नळीतला गर्भ किंवा अपेंडिक्सही असंच दुखतं. खूप ताप, उलट्या, चक्कर, पोट कडक होणं अशी लक्षणं असतील तर घरी थांबायचं नाही, रुग्णालयातच दाखल व्हायचं.

आमच्या मागण्या

१. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आतली तपासणी व्हावी. त्यासाठी पडदा असलेली खोली, टेबल, दिवा, निर्जंतुक साधनं आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बाई डॉक्टर किंवा प्रशिक्षित सिस्टर हवी. तपासल्याशिवाय औषध नको आणि तपासल्याशिवाय शस्त्रक्रिया तर नकोच.

२. पिवळं पाकीट जिल्ह्याच्या गावापुरतं न ठेवता तालुका आणि प्राथमिक केंद्रांपर्यंत बारा महिने उपलब्ध असावं. जोडीदाराचं औषध त्याच भेटीत मिळावं.

३. हंगामात साखर कारखान्यांनी आपल्या तोडणी टोळ्यांच्या तळांवर शौचालय, न्हाणी आणि पाण्याची सोय करावी, फिरता दवाखाना आणावा. दवाखान्यात गेलेल्या दिवसाचा खाडा धरला जाऊ नये. आमच्या घामातून साखर होते, तर आमच्या आरोग्याची जबाबदारी मुकादमावर ढकलून कारखान्याला मोकळं होता येणार नाही.

४. बाळंतपण रुग्णालयात आणि गर्भपात मान्यताप्राप्त केंद्रातच व्हावा. १९७१ च्या कायद्यानं आणि २०२१ च्या दुरुस्तीनं सज्ञान बाईला तिच्या एकटीच्या संमतीनं सुरक्षित गर्भपाताचा हक्क दिला आहे. नवऱ्याची सही मागून तिला भोंदूच्या दारात ढकलू नका.

५. अनावश्यक गर्भपिशवी-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारनं २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं. त्यांची अंमलबजावणी जिल्ह्याजिल्ह्यात जाहीरपणे तपासली जावी. चाळिशीच्या आतल्या प्रत्येक शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं जावं आणि संमतीपत्र मराठीत असावं, वाचून दाखवलेलं असावं.

६. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या प्रत्येक जोडप्यात नवऱ्याचीही तपासणी व्हावी आणि बाईची जननमार्गाच्या क्षयासाठी तपासणी व्हावी.

७. क्लॅमिडियाची तपासणी लक्षणांची वाट न पाहता उपलब्ध व्हावी. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये जोखीम असलेल्या तरुण स्त्रियांना बोलावून अशी तपासणी केली तेव्हा वर्षभरात या सुजेचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं, हे १९९६ साली प्रसिद्ध झालं आहे. आपल्याकडे त्याची सुरुवात निदान जिल्हा रुग्णालयांपासून तरी व्हावी.

८. शाळा-महाविद्यालयांत मुलामुलींना पाळी, संसर्ग आणि निरोध यांची सरळ माहिती मिळावी. अविवाहित मुलीला ओटीपोटात दुखलं तर प्रश्न विचारून लाजवण्याऐवजी तिला तपासलं जावं.

आमचा शब्द

आम्ही सरकारकडे मागतो आहोत तसंच स्वतःलाही बांधून घेतो आहोत.

आम्ही बाया शब्द देतो की दुखणं लपवणार नाही, गोळ्या अर्ध्यावर सोडणार नाही. पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर त्याच दिवशी सही करणार नाही. कागद घेऊन दुसरीकडे दाखवू, एकमेकींना सोबत करू.

आम्ही पुरुष शब्द देतो की बायकोसोबत दवाखान्यात जाऊ, स्वतःचे उपचार घेऊ आणि उपचार पुरे होईपर्यंत संबंध ठेवणार नाही. निरोध वापरण्यात आम्हाला कमीपणा वाटणार नाही.

आम्ही आशाताई आणि सिस्टर शब्द देतो की टोळी गाव सोडण्याआधी आणि परत आल्यावर घरोघरी जाऊन विचारपूस करू. कुणाचं नाव चावडीवर जाऊ देणार नाही.

आम्ही डॉक्टर शब्द देतो की हात लावून तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, कॅन्सरचं नाव घेऊन घाबरवणार नाही आणि बाईला समजेल अशा भाषेत पाच मिनिटं जास्तीची देऊ.

आमचा वारसा

या विषयावर उघड बोलणं महाराष्ट्राला नवीन नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले सोसले, नोकरी गमावली, तरी लैंगिक आरोग्याची माहिती मराठीत देणं थांबवलं नाही. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेवरून आम्ही पुढं जात आहोत.

पुढची पावलं

ऊसतोडीला निघण्याआधी गावोगावी तपासणी शिबिरं घेऊ. फडावरच्या प्रत्येक तळावर दोन बायांना लक्षणं ओळखण्याचं आणि सोबत करण्याचं प्रशिक्षण देऊ. गावात झालेल्या प्रत्येक गर्भपिशवी-शस्त्रक्रियेची नोंद बाईच्या संमतीनं आणि नाव न लिहिता ठेवू. वय, कारण, आधी कोणते उपचार झाले, कोणत्या तपासण्या झाल्या, एवढं त्यात असेल. ही नोंद दर वर्षी ग्रामसभेत मांडू आणि या शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवणाऱ्या जिल्हा समितीकडून उत्तर मागू.

आवाहन

तुम्ही फडावर असा, गिरणगावात असा, पुण्या-मुंबईच्या कचेरीत असा, हा आजार तुमच्या घरातही येऊ शकतो. तुमच्या आईला, बहिणीला, मुलीला, बायकोला आज विचारा, “ओटीपोटात दुखतं का? अंगावरून जातं का? कधी तपासलं आहेस का?” उत्तर ऐकून घ्या आणि तिला या आठवड्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा. तपासणी आणि औषध मोफत मागा, तो तिचा हक्क आहे. ते मिळालं नाही तर लेखी तक्रार द्या आणि आम्हाला साथ द्या. आमच्या गावच्या बैठकीला या, तुमच्या गावात बैठक घ्या. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी हे काम उभं राहिलं पाहिजे.